काटा तीन हजाराच्या आत

इंजिनाचं फुल काम झालं की मिस्त्री आपल्या हातात किल्ली ठेवतो आणि त्याच दमात गाडी कशी चालवायची नाही ते सांगतो. ही वेळ त्यानं अनुभवातून निवडलेली असते. बिलाचा आकडा आपण नुकताच ऐकलेला असतो, त्यामुळे तो यापुढे जे काही बोलेल त्याला मान हलवण्यापलीकडे आपल्यात त्राण उरलेलं नसतं. ‘हजार किलोमीटर काटा तीन हजाराच्या वर न्यायचा न्हाई.’ आपण मान हलवतो. ‘एकाच स्पीडला धरून बसायचं न्हाई.’ मान. ‘ताण द्यायचा, पर रेस करायची न्हाई.’ पुन्हा मान. घरी पोचल्यावर लक्षात येतं, की या शेवटच्या वाक्याचा अर्थ आपल्याला काडीचा कळलेला नाही.

साध्या गाडीला या अटींचं काही वाटत नाही. जी मुळातच साठच्या पुढे जायला कुरकुरते, तिला साठची मर्यादा घातली तर ती मनातून खूषच होत असणार. पंचाईत होते ती आमच्यासारख्यांची. आम्ही गाडी घेतो वेगासाठी, सांभाळतो वेगासाठी, इंजिन उतरवतो तेही गेलेला वेग परत यावा म्हणून. आणि एवढं सगळं करून जी गाडी हातात येते ती सायकलवाल्याला आधी जाऊ देते.

माझी गाडी पालिओ, १.६ जीटीएक्स. २००१ साली फियाटनं पालिओ भारतात आणली तेव्हा जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. पुढे त्याच्या जर्सीच्या आकड्यावरून एस-१० नावाची खास आवृत्तीही निघाली. १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, शंभर हॉर्सपॉवर. शंभर हा आकडा ऐकून आजचं कॉलेजातलं पोरगं जांभई देईल, पण ज्या देशात निम्मी जनता सदतीस हॉर्सपॉवरच्या मारुती ८०० मध्ये पाच माणसं, दोन पोरं आणि आंब्याची पेटी घालून कोकणात जात होती, तिथे शंभर म्हणजे उधळपट्टी होती. ही गाडी ॲव्हरेज किती देते, असं तिच्या मालकाला विचारणं तेव्हाही असभ्य समजलं जायचं आणि आजही समजलं जातं.

वीस वर्षांहून अधिक काळ पळाल्यावर कुठलंही इंजिन थकतं, तसं हेही थकलं. सकाळी स्टार्ट केल्यावर मागून निळा धूर, ऑइलची पातळी खाली, पिकअप गायब. सुदैवानं मी कोल्हापुरात राहतो. कोल्हापूरची ख्याती बाहेर तांबड्या-पांढऱ्यासाठी असली, तरी आमच्या लेखी खरं तीर्थक्षेत्र शिवाजी उद्यमनगर. लेथ, फाउंड्री, बोअरिंग, ग्राइंडिंग, सगळं पाच-दहा गल्ल्यांत. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक यांच्यासारखे रेसिंग ड्रायव्हर या गावातून निघाले याचं लोकांना आश्चर्य वाटतं. मला वाटतं ते याचं, की एवढेच का निघाले. इथे इंजिन एका छताखाली दुरुस्त होत नाही. ते गावभर फिरतं. माझा क्रँक एका गल्लीत ग्राइंडिंगला होता, ब्लॉक दुसरीकडे बोअरिंगला, आणि हेड मला एकदा भर चौकात स्कूटरच्या पायात ठेवून जाताना दिसलं. मी ओळखीचं हसलो. स्कूटरवाल्या पोराला वाटलं, मी त्याच्याकडे बघून हसलो.

बोअर करून ब्लॉक परत आला तेव्हा मिस्त्रींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. सिलिंडरमध्ये टॉर्च मारून म्हणाले, ‘बगा, जाळी कशी पडलीया!’ आतल्या भिंतीवर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी होती. होनिंगचे दगड गोल फिरत फिरत वरखाली गेले की ती पडते. ज्या भिंतीला आरशासारखी गुळगुळीत करण्यासाठी आपण पैसे मोजतोय असं मला वाटत होतं, तिच्यावर मिस्त्रींनी पैसे घेऊन ओरखडे काढले होते, आणि तेच बरोबर होतं. त्या रेघांत ऑइल थांबतं. शिवाय नव्या रिंगची कड आणि भिंतीवरच्या ओरखड्यांची टोकं एकमेकांना घासून घासून एकमेकांच्या मापाची होतात. एकदा ती झाली की वायू खाली गळत नाही आणि ऑइल वर चढत नाही. याला ‘रिंग बसणं’ म्हणतात, आणि रनिंग-इनचा, म्हणजे नवं इंजिन रुळवण्याचा, हा सगळा खटाटोप मुख्यतः त्या बसण्यासाठी असतो.

आता मौज अशी, की रिंग नुसत्या स्वतःच्या ताणावर भिंतीला नीट टेकत नाही. ज्वलनाचा वायू पिस्टनच्या खाचेत रिंगच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर दाबतो. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असतो तेव्हा सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या पन्नासेक पटींवर जातो. पाय हलका ठेवला की तो अगदीच मवाळ असतो. म्हणजे जो मालक जिवापाड जपतो, हळूहळू, एका लयीत, सुपारी न चावता चघळल्यासारखी गाडी नेतो, त्याच्या रिंगा बसतच नाहीत. ओरखड्यांत ऑइल जळून चकचकीत थर बसतो, जाळी बुजते, आणि गाडी जन्मभर ऑइल खाते. अतिलाडानं बिघडण्याची सोय इंजिनातसुद्धा आहे, हे कळल्यावर मला बरं वाटलं.

पण उलट बाजूही आहे. नव्या बोअरमध्ये पिस्टनभोवती जी फट असते ती मिलिमीटरच्या काही शंभराव्या भागाएवढी. दोन खरखरीत पृष्ठभाग घासतात तिथे जागच्या जागी उष्णता होते. ती वाढत गेली तर पिस्टन फुगतो आणि फट संपते. म्हणून ताण द्यायचा, पण थोडा वेळ. मग सोडायचा, थंड होऊ द्यायचं. मग पुन्हा द्यायचा. ‘ताण द्यायचा, पर रेस करायची न्हाई’ या वाक्यात यंत्रशास्त्राचं एक अख्खं प्रकरण होतं. पुस्तकाला त्यासाठी बारा पानं लागली असती.

पहिल्या स्टार्टला मी हजर होतो. आधी फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून नुसता स्टार्टर मारतात, म्हणजे इंजिन पेटण्याआधी ऑइल सगळ्या बेअरिंगांपर्यंत पोचतं. ऑइलचा लाल दिवा विझला, फ्यूज परत बसला, नारळ फुटला, आणि इंजिन सुरू झालं. लगेच बॉनेटखालून भरघोस धूर. असेंब्लीच्या वेळी लावलेलं ऑइल, मॅनिफोल्डवरचे तेलकट हातांचे ठसे, सीलंट, जे जे जळण्यासारखं होतं ते सगळं जळत होतं. वर्कशॉपातलं पोरगं खुशीत ओरडलं, ‘जाळ अन् धूर संगटच!’ हे आमच्या गावचं ब्रीदवाक्य. एरवी मला त्याचा अभिमान आहे, पण उघड्या बॉनेटसमोर उभं असताना या दोन गोष्टी संगट नसाव्यात अशी माझी तीव्र इच्छा होती. सुदैवानं नुसताच धूर निघाला.

गाडी दारात आली आणि सल्लागार जमले. कोणाच्या घरी नवं इंजिन आलं की ज्याला सायकलची चेनसुद्धा बसवता येत नाही तोही दोन शब्द सांगून जातो. या विषयात दोन पंथ आहेत. पहिला सोवळ्यातला. त्याच्या मते पहिले हजार किलोमीटर गाडीला कळताही कामा नये की ती चालते आहे. मामा या पंथाचे. त्यांनी आयुष्यभर पद्मिनी चालवली, १०८९ सीसीची. ‘पहिला गिअर पंधरा, दुसरा तीस. पुस्तकात लिहिलेलं असायचं,’ ते म्हणाले. त्यांचं चूक नाही. जुन्या काळी बोअरचं फिनिशिंग आजच्याएवढं बारीक नसायचं, त्यामुळे उरलेलं काम गिऱ्हाइकानं रस्त्यावर पुरं करायचं असा अलिखित करार होता. इंग्लंडात तर नवी गाडी घेतलेले लोक मागच्या काचेवर ‘रनिंग-इन चालू आहे, कृपया पुढे जा’ अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवत. मामांनी मला तशी चिठ्ठी लावायला सुचवलं. कोल्हापुरात! इथे ‘कृपया पुढे जा’ असं लिहिलं तर मागचा थांबून विचारेल, का, काय झालं?

दुसरा पंथ जाळपोळवाल्यांचा. रिंगा ज्या काय बसायच्या त्या पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्येच बसतात, तेव्हा वर्कशॉपातून बाहेर पडल्या पडल्या पहिल्याच चढाला दाबा, असं त्यांचं म्हणणं. पुतण्या या पंथाचा. यात तथ्य बरंच आहे, कारण ओरखड्यांची धार सुरुवातीलाच काय ती असते. पण पुतण्याला हा सिद्धांत पटण्यामागे त्याच्याकडे गाडीची किल्ली एकदाही दिली गेलेली नाही हे कारण अधिक असावं. मोठ्या कंपन्याही जरा दमानंच घ्यायला सांगतात. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना पहिली तपासणी २००० किलोमीटरवर करून घ्यावी लागते. तोवर एवढे पैसे मोजलेला माणूस मर्यादेत गाडी चालवतो, हे वाचून मला बंधुभाव वाटला. आणि फॉर्म्युला वनचं इंजिन तर थंड असताना सुरूच होत नाही. त्यातल्या फटी इतक्या घट्ट, की आधी बाहेरून गरम पाणी फिरवून त्याला ऊब द्यावी लागते. हे मी शेजारच्या काकूंना कौतुकानं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मग बाळंतिणीसारखंच की हो. शेक-शेगडी करा आणि सव्वा महिना बाहेर काढू नका.’

मिस्त्री कुठल्याच पंथाचे नव्हते. त्यांनी औषध लिहून द्यावं तसं सांगितलं : ‘जोतिबाला जाऊन येत जावा. चढाला ताण, उताराला गिअरात सोडायची.’ यात श्रद्धेचा भाग किती आणि यंत्राचा किती हे मी विचारलं नाही, पण यंत्राच्या बाजूनं सल्ला चोख होता. जोतिबाचा, म्हणजे वाडी रत्नागिरीचा डोंगर कोल्हापूरपासून सतरा-अठरा किलोमीटरवर, आणि शहरापेक्षा चारेकशे मीटर उंच. चढताना इंजिनावर भार येतो, रिंगा भिंतीला दाबल्या जातात. उतरताना ॲक्सिलरेटर सोडून गिअरात ठेवली की सिलिंडरमध्ये पोकळी तयार होते, थोडं ऑइल वर खेचलं जातं, झिजलेले बारीक कण धुऊन निघतात आणि भिंतही गार होते. ताण, विसावा, ताण, विसावा. सपाट हायवेवर हे मुद्दाम करावं लागतं. डोंगर ते फुकट करून देतो.

मी जाऊ लागलो. सकाळी ऑफिसच्या आधी, कधी संध्याकाळी. माघ महिना होता, आणि माघातल्या रविवारी जोतिबाचे खेटे असतात. पहाटे कोल्हापुरातून निघून लोक चालत डोंगरावर जातात. आईनं माझं हे नेमानं जाणं बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याला देवळात नेण्यासाठी तिनं वर्षानुवर्षं शब्द खर्च केले होते, तो न सांगता जोतिबाला जात होता. तिनं नातेवाइकांना फोन केले. मला नारळ आणि कापूर मिळू लागला. मी एकदा खरं सांगायचा प्रयत्न केला, की आई, रिंगा बसायला हव्यात. ती म्हणाली, ‘बसतील रे, देव आहे.’ तिची एकच तक्रार होती : खेटे पायी घालायचे असतात. तेव्हा मी हिशेब मांडला. माझ्या इंजिनात पिस्टनची एक खेप ७८.४ मिलिमीटरची. तीन हजाराच्या काट्यावर तो मिनिटाला तीन हजारदा खाली जातो आणि तेवढ्याच वेळा वर येतो, म्हणजे मिनिटाला ४७० मीटर, तासाला २८ किलोमीटर, तेही बोअरच्या बाहेर पाऊल न टाकता. खेटे पायीच पडत होते, फक्त ते पिस्टन घालत होते. आईला हा युक्तिवाद पटला नाही. गुलाल मात्र तिनं बॉनेटलाही लावला.

डोंगर ठीक होता. हाल व्हायचे ते रस्त्यावर. कारखान्यांचा हंगाम चालू, म्हणजे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, प्रत्येकावर लग्नाच्या वरातीला पुरेल एवढी साउंड सिस्टिम. त्यांच्यामागे एका लयीत रांगायचं नाही ही मिस्त्रींची अट, आणि सणकन काढायची नाही ही पण मिस्त्रींचीच. वडापचे जीपवाले मला डावीकडून ओलांडत, उजवीकडून ओलांडत, आणि एकदा तर तिसरीच बाजू असावी अशी शंका आली. वडापच्या मागे लटकलेला माणूस पालिओचा जीटीएक्स हा बिल्ला वाचत जायचा आणि त्याच्या चेहऱ्यावर करुणा दिसायची. एका रविवारी निपाणीच्या बाजूला हायवेवर एसटीला ओलांडायला घेतली. मागच्या चाकापर्यंत आलो, मधल्या खिडक्यांपर्यंत आलो, आणि पाचव्या गिअरात काटा तीन हजाराला टेकला. पुढचा गिअर नव्हता. मग आम्ही बराच वेळ शेजारी शेजारी गेलो. खिडकीतल्या एका मुलानं आधी टाटा केला, मग बिस्किटाचा पुडा संपवला, मग पुन्हा टाटा केला. त्याच्या आजीनं मला खुणेनं विचारलं, काही हवंय का? मी मान हलवून मागे सरकलो.

या सगळ्या काळात घरात एकच व्यक्ती निर्भेळ सुखी होती. बायको गाडीत बसली की एरवी दाराच्या वरचं हँडल धरते, आणि नसलेला ब्रेक दाबून तिच्या पायाखालची चटई झिजलेली आहे. आता ती खिडकी खाली करून वारा घेत होती, उसाची शेतं बघत होती. मध्येच डुलकीही काढायची. एकदा म्हणाली, ‘अहो, हे रनिंग-इन वाढवून मिळतं का?’ मी हजार किलोमीटरची मर्यादा सांगितली. ‘मिस्त्रींना विचारा तरी,’ ती म्हणाली, ‘काय ते वेगळं देऊ.’

पाचशेला पहिलं ऑइल काढलं. नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल काढणं हा प्रसंग गंभीर असतो, आणि त्याला जमणारी गर्दी निकालाच्या दिवसाची असते. ऑइलमध्ये चमकी होती. मी घाबरलो. मिस्त्रींनी बोटांवर घेऊन उन्हात धरली, अंगठ्यानं चोळली, फिल्टर कापून त्यातला कागद उलगडला आणि म्हणाले, ‘बारीक हाय, रिंगचीच. कणी लागली तर भ्यायचं.’ म्हणजे चुरा असावा, कणी नसावी. रिंगा आणि भिंत एकमेकांशी जुळवून घेताना जे झिजतं ते असं पहिल्या ऑइलमधून निघून जातं, म्हणूनच ते लवकर काढायचं. पुढचं कुठलं भरायचं, यावर तिथेच परिषद भरली. साधं मिनरल की सिंथेटिक? सिंथेटिक फार निसरडं, रिंगा बसू देत नाही, असं जुने लोक मानतात. पण कॉर्व्हेट आणि पोर्शे कारखान्यातूनच सिंथेटिक भरून बाहेर पडतात आणि त्यांच्या रिंगा व्यवस्थित बसतात, हे मी सांगितलं. परिषदेनं ते आदरानं ऐकलं. मिस्त्रींनीही ऐकलं, आणि मिनरलचा डबा उघडला.

शेवटी हजार झाले. मी सकाळी सकाळीच उद्यमनगरात हजर. ऑइल पुन्हा बदललं. स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन बघितलं. चारही सिलिंडर एकमेकांना लागून, उन्नीस-बीसचाही फरक नाही. धूर नाही, ऑइलची पातळी जिथल्या तिथे. मिस्त्री समाधानानं हात पुसत होते. मी किल्लीसाठी हात पुढे केला. ‘थांबा जरा,’ ते म्हणाले, ‘एक राउंड मारून बघू,’ आणि ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले. मी डावीकडे बसलो आणि नकळत दाराच्या वरचं हँडल धरलं.

गोकुळ शिरगावच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. मिस्त्रींनी तिसरा टाकला आणि पाय खाली नेला. तीन हजार कधी मागे पडले कळलं नाही. चार. पाच. चारच्या पुढे त्या इंजिनाचा आवाजच बदलतो, घसा मोकळा होतो. तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता आणि आता डाव्या सीटवरून ऐकत होतो. सहा हजार. एक एसटी मागे गेली, दोन वडाप मागे गेले, एक बुलेटवाला काहीतरी ओरडला ते अर्धंच ऐकू आलं. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर नातवाच्या बारशाला शोभेल असं हसू होतं. मी पायाखालची चटई झिजवत होतो. परत आल्यावर त्यांनी गाडी सावलीत लावली, इंजिन घटकाभर चालू ठेवलं, मग बंद करून किल्ली माझ्या हातात दिली.

‘झकास सुटलीया,’ ते म्हणाले. ‘आता आजून पाचशे जरा बेतानं घ्या.’

‘मिस्त्री, आत्ता तुम्हीच सहा हजारला नेली की!’

‘ते टेस्टिंग हुतं,’ मिस्त्री म्हणाले, आणि पोराला पुढच्या गाडीचं बॉनेट उघडायला सांगून चहा प्यायला गेले.